खेकड्यांवर सोपवलेला सूड

सूड घ्यायचाच असेल तर माणसानं तो स्वतःच्या हातानं घ्यावा. दुसऱ्यावर सोपवू नये. आणि सोपवायची वेळ आलीच, तर ज्याच्यावर सोपवतोय त्याला आठ पाय नाहीत एवढी तरी खात्री करून घ्यावी. हे शहाणपण मला साठी उलटल्यावर आलं, तेही गुडघाभर चिखलात उभं असताना.

गोष्ट लोणावळ्याजवळच्या आमच्या कुसगावच्या खाचराची आहे. आमची जमीन एकेकाळी रस्त्यापासून ओढ्यापर्यंत होती, असं सांगायची गावात पद्धत आहे. सगळेच सांगतात. सगळ्यांचं खरं धरलं तर आमचा ओढा पार खंडाळ्यापर्यंत न्यावा लागेल. आता त्या जमिनींवर बंगले आहेत, आणि माझ्या वाट्याला उरलंय भाताचं एक खाचर. उतारावर खाचरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी असतात. आमच्या ओळीत तीनच पायऱ्या शिल्लक आहेत. वरची माझ्या चुलतभावाची, मधली माझी. खालची एका हॉटेलवाल्यानं घेतली, तिच्यावर मुरूम टाकला आणि तिथं पाहुण्यांच्या गाड्या लावायला लागला. पाणी वरून खाली येतं, म्हणजे चुलतभावाकडून माझ्याकडे. गाड्या खालून वर येऊ बघतात, म्हणजे हॉटेलवाल्याकडून माझ्याकडे. दोन्हींच्या मध्ये मी.

उभा जन्म मी लोकलनं घोरावाडीला उतरून कारखान्यात गेलो. शेती वडील बघायचे, नंतर वाट्यानं दिलेली होती. निवृत्त झाल्यावर मी जाहीर केलं की आता खाचर मी स्वतः करणार. पहिल्या वर्षी कारखान्यातल्या सवयीनं पाण्याची नळी लावून सगळ्या खाचराची पातळी काढली, उंचवटे खरवडले आणि वरची चांगली माती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवली. भात त्या ढिगावर उत्तम आलं. दुसऱ्या वर्षी बांधाच्या तोंडाला मी प्लास्टिकचा पाइप बसवला. त्यात बेडूक अडकला, खाचर तुंबलं, रोपं कुजली. बेडूक वाचला.

मग मुलानं, जो रोज बेगडेवाडीला उतरून कंपनीत जातो आणि घरी आल्यावरही कंपनीसारखाच बोलतो, जेवताना निर्णय सांगितला. "यंदा भात आलं तर ठीक. नाही आलं तर दिवाळीनंतर खाचर हॉटेलवाल्याला पार्किंगला देऊन टाकू. तो विचारतोच आहे."

बायकोनं मान हलवली. माझी आई फक्त आमच्या खाचराचा तांदूळ खाते. विकतच्या तांदळाला ती रबर म्हणते. ती म्हणाली, "माझं काय, मी रबर खाईन." ह्यापेक्षा तिनं मला काठी मारली असती तर बरं झालं असतं.

त्यामुळे यंदाचं भात येणं आवश्यक होतं. आणि नेमकं यंदाच माझं चुलतभावाशी वाजलं.

ह्या चुलतभावाला अख्खं गाव आबा म्हणतं. माझ्याहून तो दोन-तीन पावसाळे मोठा, अंगानं सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला शेंग अंगावर मारल्यासारखी वाटावी. भांडणाला कारण तसं काही नव्हतं. म्हणजे माझ्या मते. मी ज्येष्ठात माझा बांध साफ करायला घेतला, एवढंच. बांधावर करवंदीची जाळी होती, निरगुडी होती, कमरेएवढं गवत होतं. गवतात एक दिवड राहायची. दिवडीला विष नसतं हे मला माहीत आहे, पण माझ्या पायांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही. जाळीत मुंगसाचं बिऱ्हाड होतं. निरगुडीच्या शेंड्यावर एक खंड्या बसायचा आणि मी चिखलात घसरलो की नेमका तेव्हाच किंचाळायचा. सुपरवायझरच्या नजरेखाली आयुष्य काढलेल्या माणसानं निवृत्तीनंतर पुन्हा निळ्या पाठीचा सुपरवायझर का सहन करावा? मी यंत्रानं सगळं सपाट केलं आणि वरून तणनाशक मारलं. बांध असा गुळगुळीत झाला की लग्नाला जाणाऱ्या माणसाचा गाल.

वारा खालून वर वाहत होता हे माझ्या लक्षात आलं नाही. चार दिवसांनी आबाच्या बांधाखालचं गवत पिवळं पडलं. तिथं त्याची म्हैस चरायची.

आबा वरून ओरडला, "काय केलंस रं हे?"

"स्वच्छता," मी म्हणालो.

"आन माझ्या म्हशीनं काय तुझी सवच्छता खायाची व्हय?"

मी काहीतरी चुरचुरीत उत्तर दिलं. ते मला इतकं आवडलं होतं की आता आठवत नाही. त्याचा परिणाम मात्र आठवतो. आमच्याकडची रीत अशी की वरचं खाचर भरलं की बांधाचं तोंड उघडून पाणी खालच्याला द्यायचं. त्याला कुणाची सही लागत नाही, कुणी विचारतही नाही. आषाढात लावणी उरकली, चार दिवस पावसानं दडी मारली, आणि आबानं ढेकळं, पेंढा आणि एक फुटका माठ घालून तोंड बुजवून टाकलं. त्याच्या खाचरात ढग दिसत होते. माझ्या खाचरात भेगा.

त्याच संध्याकाळी दुधाच्या डेअरीपाशी, सात-आठ माणसांसमोर, तो म्हणाला, "आमच्या सायबानं बांधाची दाढी केलीया. आता खाचराला पावडर लावायची न्हायली." लोक हसले. मग पुढे: "दिवाळीनंतर तितं गाड्या लागत्याल. पयली गाडी लागंल तवा मी नारळ घिऊन जानार."

घरी आलो तर भाकरी गिळवेना. ह्याची जिरवायची, एवढा एकच विचार. त्याचं पाणी माझ्या खाचरात आलं पाहिजे, आणि ते त्याच्या नाकावर टिच्चून आलं पाहिजे. पण कसं? कुदळीनं बांध फोडला तर अख्ख्या गावाला कळणार. आणि तेव्हा मला खाडी आठवली.

माघात आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाची सहल समुद्रकाठच्या एका राष्ट्रीय उद्यानात गेली होती. आम्ही घाटावरची माणसं. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर आम्ही वाघाच्या तयारीनं गेलो, आणि तिथं निघाला चिखल. ओहोटीची वेळ होती. दूरपर्यंत राखाडी, चकचकीत, श्वास घेणारा चिखल. त्यातून खारफुटीची मुळं उलट्या ठोकलेल्या खिळ्यांसारखी वर आलेली. निवट्या नावाचे मासे पाण्यात राहायचं सोडून चिखलावर उड्या मारत होते आणि आमच्याकडे डोळे वटारून बघत होते. मासा असून चालतोय, हे बघून आमच्यातल्या एका गुडघेदुखीवाल्यानं तोंड फिरवलं. पलीकडे पाण्याच्या कडेला पांढरे-गुलाबी पक्षी एका पायावर उभे होते.

वाट दाखवायला खाकी कपड्यातली एक मुलगी होती. ती म्हणाली, "फळीवरून खाली उतरू नका." ती हे म्हणाली तेव्हा मी उतरलेलो होतो. मांडीपर्यंत आत गेलो. दोन ज्येष्ठ नागरिक मला काखेत धरून ओढत होते, आणि त्या मुलीनं वेळ वाया जाऊ नये म्हणून माझ्याच आसपासच्या बिळांवर माहिती सांगायला सुरुवात केली.

"हे खेकडे रोज चिखल उकरतात. त्यांच्या बिळांतून भरतीचं पाणी आत खेळतं, मुळांना हवा मिळते. त्यांनी अख्खा किनारा पोखरून ठेवलाय, म्हणून हे जंगल जिवंत आहे. खेकडे नेले, की जंगल गुदमरलंच."

माझ्या मांडीपाशी एक खेकडा होता, नखाएवढा, पण त्याची एक नांगी अंगापेक्षा मोठी. ती तो वर करायचा, खाली करायचा, पुन्हा वर करायचा, जणू मला दम देत होता.

"एवढ्या नांगीनं किती खात असेल हो?" मी विचारलं.

"त्या नांगीनं तो खात नाही, काका. खायला लहान नांगी. मोठी नुसती दाखवायला आणि भांडायला."

सगळे ज्येष्ठ नागरिक, का कोण जाणे, माझ्याकडे बघून हसले. एक चप्पल त्या उद्यानात राहिली. तिच्यात आता कुणाचा तरी संसार असेल.

तर आषाढातल्या त्या रात्री गादीवर पडल्या पडल्या मला त्या मुलीचं बोलणं आठवलं. पण सगळं नाही. जंगल जिवंत राहतं वगैरे भाग गळून गेला. राहिलं ते एवढंच की खेकडे अख्खा किनारा पोखरतात. अख्खा किनारा पोखरणाऱ्याला आबाचा बांध किती वेळ? कुदळीचा घाव दिसतो, खेकड्याचं बीळ हे देवाचं काम. त्याच्या बांधाला भोकं पडणार, त्याचं पाणी माझ्याकडे येणार, आणि तो कुणाला जबाबदार धरणार? मला हसू फुटलं. बायको म्हणाली, "अहो, झोपा. झोपेत हसणारा माणूस बरा दिसत नाही."

पावसाळ्यात जुन्या हायवेच्या कडेला डोंगरातल्या वाडीवरच्या बाया काळे खेकडे घेऊन बसतात. तिथल्या एका मावशीपुढे मी उकिडवा बसलो.

"मावशी, जिवंत पाहिजेत."

"मेल्यालं कोन इकतंय हितं?"

"आणि नांग्या मोडू नका. शाबूत पाहिजेत."

खेकडे देताना त्यांच्या नांग्या मोडून देतात किंवा दोऱ्यानं करकचून बांधतात, गिऱ्हाइकाचं बोट वाचावं म्हणून. मावशीनं मला खालून वर पाहिलं. "खायाला पायजेत का भांडायला?"

"भांडायला," मी म्हणालो. खोटं बोलायची माझी पद्धत अशी आहे की खरं इतक्या सहज बोलायचं की कुणाला खरं वाटू नये. ती हसली, आणि तरी माझ्या भल्यासाठी तिनं एकेकाच्या नांग्यांना लाल दोरा गुंडाळून दिला.

आबा दुपारी जेवून गोठ्यात आडवा होतो. ती वेळ साधून मी पिशवी घेऊन त्याच्या बांधावर गेलो. दोरे सोडताना पहिल्याच खेकड्यानं माझा अंगठा असा धरला की मी तोंडात रुमाल कोंबून नाचलो. बाकीच्यांचे दोरे कसेबसे सोडले, शेवटच्या एक-दोघांचे सोडायची हिंमत झाली नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. एकेक खेकडा बांधाच्या मातीत शिरताना पाहून मला जो आनंद झाला तो पगारवाढीच्या दिवशीही झाला नव्हता.

दोन दिवस गेले. बांध शाबूत. मी पुन्हा गेलो. मावशी म्हणाली, "तुमच्या घरात मानसं तरी किती हायत?" मी म्हटलं, "पाहुणे आलेत." पुन्हा सोडले. पुन्हा बांध शाबूत. माझ्या खाचरात मी कळशीनं पाणी घालून रोपं जगवत होतो, आणि वरच्या खाचरात आबाचे ढग निवांत तरंगत होते. खेकडे काय करत होते? झोपत होते? मला त्यांचाही राग यायला लागला.

गटारीच्या दिवशी आबाचं बोलावणं आलं. श्रावण लागायच्या आधी जे काय खायचं ते खाऊन घ्यायचं, म्हणून त्या दिवशी घरोघरी रस्सा असतो, आणि भावकीत अबोला असला तरी त्या दिवशी बोलावलं तर जावं लागतं. मी गेलो. आबाच्या कारभारणीनं समोर ताट ठेवलं. खेकड्याचा रस्सा. वर तेलाचा लाल तवंग, आतून काळं वाटण.

रस्सा उत्तम होता. शत्रूच्या घरचं जेवण वाईट असावं एवढी साधी अपेक्षाही आबा पुरी करत नाही.

"खेकडे कुठनं आणले?" मी विचारलं.

"आनायचे कशाला? बांधावरच गावत्यात. यंदा लय आल्यात. रोज सकाळी जातो, टोपलं भरून आनतो. देवाची किरपा."

"असं होय," मी म्हटलं आणि नांगी चोखायला घेतली. दातात काहीतरी अडकलं. ओढून काढलं तर लाल दोरा.

आबा माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे बघत होता. "अंगठ्याला काय झालं रं?"

"दारात सापडला."

"दाराला नांग्या फुटल्या का काय?"

आत चुलीपाशी त्याची कारभारीण पदर तोंडात कोंबून बसली होती. म्हणजे तो दर खेपेला गोठ्यातून मला बघत होता, आणि रोज सकाळी मी पोचवलेलं जेवण उचलून आणत होता. मी ताटावरून उठलो नाही. उठलो असतो तर कळलं असतं की मला कळलं. आणखी एक वाटी रस्सा मागितला. खेकडे माझेच होते.

घरी चालत येताना मात्र डोक्यात अशी तिडीक गेली की चिखल कुठला आणि डांबर कुठलं ते समजेना. आणि मग, भर रस्त्यात, मला ती कल्पना सुचली, जिला मी आजही अक्कल म्हणतो. उद्यापासून श्रावण! आबा माळकरी नाही, पण श्रावण कडक पाळतो. महिनाभर तो खेकड्याला हात लावणार नाही. नुसता तोच नव्हे, गावात कुणीच लावणार नाही. म्हणजे आता माझ्या फौजेला खाणारं कुणी नाही!

मी तसाच हायवेला गेलो. मावशी उरलेला माल आवरत होती. मी तिची अख्खी पाटी घेतली. "पाव्हनं अजून हायतच का?" ती म्हणाली, आणि ह्या खेपेला हसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी आबाच्या बांधावर उलटी केली, आणि गोठ्याच्या दिशेनं मुद्दाम बघून म्हटलं, "आता खा!"

गोठ्यातून आवाज आला नाही. ह्याचा अर्थ मी विजय असा घेतला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. मी जाळी तोडली तेव्हा मुंगूस गेलं कुठे, दिवड गेली कुठे, खंड्या कुठे बसायला लागला, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. ते कुठंही लांब गेले नव्हते. एक पायरी वर गेले होते. आबाचा बांध म्हणजे गवत, घाणेरी, जांभळीचं एक वाकडं झुडूप, सगळा पसारा. मुंगूस श्रावण पाळत नाही. खंड्याही पाळत नाही, निदान लहान खेकड्यांच्या बाबतीत. पाटीभर खेकडे त्या बांधावर उतरले, त्यांनी आजूबाजूला पाहिलं, त्यांच्यातले काही गायब झाले, आणि उरलेल्यांनी खाली पाहिलं. खाली एक गुळगुळीत, ओला, मऊ बांध होता. त्याच्यावर गवताचं एक मूळ नव्हतं, एक शत्रू नव्हता. कुणीतरी खास त्यांच्यासाठी दाढी करून ठेवलेला.

श्रावणातला पाऊस सुरू झाला. माझं खाचर भरलं, मी हरखलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकामं होतं. पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं. मी बांधावर आडवा होऊन पाहिलं, तर बांध जिवंत होता. बिळाबिळातून पाणी गुळगुळ करत हॉटेलवाल्याच्या मुरमावर चाललं होतं, आणि एकेका बिळाच्या तोंडाशी माझे खेकडे, माझ्या पैशाचे, माझ्या अंगठ्याची चव घेतलेले, नांग्या वर करून मला दम देत होते.

मी चिखल कोंबला. चिंध्या कोंबल्या. कारखान्याचा जुना गणवेश कोंबला, त्याच्या खिशातून दुसऱ्या दिवशी खेकडा बाहेर आला. खेकडे पकडायला लागलो, तर पकडून करायचं काय? बायकोनं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "श्रावणात ती बादली घरात आणलीत तर तुम्हीपण बाहेरच." शेजाऱ्यांना फुकट देऊ केले. "श्रावण सुटल्यावर या," ते म्हणाले. हायवेला गेलो तर मावशीची जागा रिकामी. ओढ्यात सोडून आलो, तर मला वाटतं ते माझ्याआधी घरी पोचले.

आबा रोज वरच्या बांधावर उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "माझं तोंड उघडू का? पानी पायजे का तुला?"

"नको," मी दातओठ खात म्हणालो.

"न्हाई, इचारलं आपलं. नारळ घ्यावा म्हनतो आता."

रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. मुलगा रोज संध्याकाळी कंपनीतून येऊन खाचराकडे एकदा बघायचा आणि आत जायचा. आईनं एकदा डब्यातला तांदूळ हातानं चाचपून पाहिला. मी ते पाहिलं हे तिनं पाहिलं.

मग जोडून सुट्ट्या आल्या. लोणावळ्यात जोडून सुट्ट्या म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच विचारा. हॉटेलवाल्याची पायरी गाड्यांनी ठासून भरली. दुपारी डोंगरावर आभाळ फाटलं, आणि माझ्या बांधानं, पोखरून पोखरून चाळण झालेल्या त्या गुळगुळीत गालानं, मान टाकली. मोठा आवाज वगैरे झाला नाही. कुणीतरी थकून खाली बसावं तसा बांधाचा मधला भाग बसला, आणि माझं अर्धं खाचर, चिखल, रोपं, गणवेश आणि खेकडे यांच्यासकट, गाड्यांच्या मध्ये जाऊन उभं राहिलं.

चाकं आत गेली. ज्या गाड्यांनी जोर लावला त्या आणखी आत गेल्या. पाहुणे किंचाळत होते आणि किंचाळता किंचाळता फोटो काढत होते. एक खेकडा एका पांढऱ्या गाडीच्या काचेवर चढून, पाणी पुसायच्या दांडीला नांगी लावून बसला होता. तिथल्या सगळ्या चालकांपेक्षा तो जास्त सराईत दिसत होता.

हॉटेलवाला छत्री घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्याकडे आला. मी खचलेल्या बांधात पाय रोवून उभा होतो, कारण निघता येत नव्हतं. वरून आबाही उतरला. तमाशा जवळून बघायला मिळत असताना तो लांब थांबेल तर तो आबा कसला.

"अहो काका, तुमचं खाचर माझ्या पार्किंगमध्ये आलंय!" हॉटेलवाला म्हणाला. "आणि हे खेकडे? इथं एवढं पाणी नेहमी असतं?"

मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होतो. आजवर मी जेव्हा जेव्हा खरं सांगायला तोंड उघडलंय, तेव्हा तेव्हा माझं वाटोळं झालंय. पण आबानं मला बोलू दिलं नाही.

"पानी? हितं बारमाही झरा हाय," तो म्हणाला. चेहरा इतका गंभीर की कीर्तनाला बसलाय. "आन खेकडं तर आमच्या आज्यापासनं हायती. आमी त्यांना हात लावत न्हाई."

ज्या माणसाच्या घरी मी गटारीला जेवलो, तो हे बोलत होता.

"पण मी तर इथं मुरूम टाकून पार्किंग वाढवणार होतो," हॉटेलवाला म्हणाला. "किती लागेल मुरूम?"

आबानं वर पाहिलं, जणू अंदाज घेतोय. "त्यो डोंगर दिसतोय का? त्यो टाका. मंग बगू."

हॉटेलवाल्यानं एकदा डोंगराकडे, एकदा काचेवरच्या खेकड्याकडे पाहिलं. "नको बाबा," तो म्हणाला. "मला नको ही दलदल. फक्त तुमचा चिखल तुम्ही उचला." आणि गेला.

मी आबाकडे बघत राहिलो. छाती भरून आली असं लिहायला हरकत नव्हती, पण त्यानं ती संधी दिली नाही.

"तोंड काय बघतोस? तुझ्यासाठी न्हाई केलं. तुझ्या खाचरात मुरूम पडला तर माझं पानी कुटं जानार? तुंबून मीच बुडलो असतो की."

"मग आधी का नाही बोललास? तोंड बुजवून बसलास ते?"

"तुझी जिरवायची हुती." तो खाली वाकला आणि माझा पाय चिखलातून उपटायला लागला. "जिरली का?"

"नाही."

"मंग बुजवतो परत."

तोंड त्यानं त्याच संध्याकाळी उघडलं. बांध आम्ही दोघांनी घातला, म्हणजे त्यानं घातला आणि मी चुका केल्या. त्याच्या बांधावरून गवताची ढेपं मुळांसकट कापून आणून माझ्या बांधावर थापली, निरगुडीच्या फांद्या खोचल्या. फांद्यांना पानं फुटायच्या आधीच खंड्या येऊन बसला. मी घसरलो. तो किंचाळला. मुंगूस मी अजून पाहिलेलं नाही, पण खेकडे कमी झालेत, म्हणजे कुणीतरी कामावर रुजू झालंय.

अर्ध्या खाचराचं भात आलं. आईनं पहिला घास खाऊन सांगितलं की थोडं रबरासारखं लागतंय, पण चालेल. मुलगा म्हणाला, "अर्धं आलं म्हणजे काय धरायचं? आलं की नाही?" मी म्हणालो, "हॉटेलवाल्याला विचार." त्यानं विचारलं असावं, कारण नंतर तो विषय निघाला नाही.

आबाला मी माफ केलेलं नाही. डेअरीपाशी तो ही गोष्ट सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत हॉटेलवाल्याला पळवून लावणारा तो आहे आणि मी श्रावणात खेकडे पाळणारा एक वेडा. लाल दोऱ्याचा भाग तो शेवटाला ठेवतो. लोक त्यासाठी थांबतात. त्याचं उट्टं कसं काढायचं ह्याचा विचार मी रोज बांधावर बसून करतो.

परवाही तसाच बसलो होतो. एका बिळातून एक काळा खेकडा अर्धा बाहेर आला आणि त्यानं माझ्यावर नांगी उगारली. मीही त्याच्यावर हात उगारला. तो हटेना, मीही हटेना. असे आम्ही बराच वेळ समोरासमोर.

वरच्या बांधावरून आबा ओरडला, "ए सायेब! कुनाला हात दाखवतुयास?"

"तुलाच," मी म्हणालो, आणि हात खाली घेतला नाही.